घडी कोणी मोडायची

लातूर, ७ जुलै २०२४

पप्पा,

‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ लिहीत नाही. राग आलेला असताना साष्टांग घालता येत नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही ‘हं, हं, बघू’ म्हणता आणि तास आहे म्हणून ठेवून देता. रविवारी कसला तास असतो तुमच्या शाळेत? कागद तुम्हाला मधेच ठेवता येणार नाही, म्हणून लिहून राहिले.

काल क्लासमध्ये टी-शर्ट वाटले. निळे, पाठीवर क्लासचं नाव. बाहेर जिन्यावर फोटो काढायचा होता म्हणून सगळ्यांनी तिथंच अंगातल्या कपड्यांवरून चढवले. मी आपली पाकीट छातीशी धरून उभी. सर म्हणाले, घाल की. मी म्हणाले, सर, पुढच्या आठवड्यात घालते. त्यांना वाटलं मी आगाऊपणा करतेय. शेवटी सगळ्या निळ्या पोरापोरींमध्ये मी एकटी शिल्पाताईच्या मरून कुर्त्यात, आणि आता हाच फोटो क्लासच्या दारावर फ्लेक्स करून लावणार आहेत. मी सरांना सांगितलं, मला नव्या कापडाची ॲलर्जी आहे. फार काही खोटं नाही ते. आमच्या अख्ख्या घरालाच ती ॲलर्जी आहे.

आज आई अहमदपूरहून आली आणि टी-शर्ट घेऊन गेली. आता शिल्पाताई तो दिवसभर घालणार, मग धुणार, मग तो माझ्याकडे येणार. मामाची पोरगी म्हणून बिचारी करते. पण पप्पा, ती एकवीस वर्षांची आहे आणि डॉक्टरकीच्या क्लासचा टी-शर्ट घालून मामीच्या हाताखाली भाकरी थापणार.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुम्ही विसरल्यासारखं वागता. माझ्या आधीचे दोघं भाऊ जगले नाहीत. मी पोटात असताना आईनं माहूरच्या रेणुकाआईला बोललं होतं, हे लेकरू जगू दे, मी त्याला दुसऱ्याच्या कपड्यांवर वाढवीन. नवं कापड पहिल्यांदा दुसऱ्याच्या अंगाला लागलं पाहिजे, घडी दुसऱ्यानं मोडली पाहिजे, मग मी घालायचं. पाचव्या वर्षी तुम्ही दोघांनी जोडीनं माहूरला जाऊन देवीसमोर माझ्या अंगावर नवं कापड घालायचं, की फिटला नवस. पाचवं वर्ष लागलं. आईनं परकर-पोलकं शिवून आणलं. तुम्ही म्हणालात, मी असल्या अंधश्रद्धेला बसणार नाही. तिथून तुमचं बोलणं बंद झालं, मग तुमची नांदेडला बदली झाली, आणि बदलीवर गेलेला माणूस अजून घरी यायचाय.

मला आता सतरावं चालू आहे. आई म्हणते, जोडीशिवाय नवस फिटत नाही. तुम्ही म्हणता, मी बसणार नाही. तुमचं दोघांचं तत्त्व तुमच्यापाशी, आणि मी मधे उघडी. एक रविवार माहूरला या. विश्वास ठेवू नका, डोळे मिटू नका, हात जोडू नका. नुसते आईच्या शेजारी बसा.

भार्गवी

लातूर, ४ ऑगस्ट २०२४

पप्पा,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर किती सुंदर आहे तुमचं, आणि मजकूर किती बेकार.

‘कापडाला कळत नाही ते आधी कोणाच्या अंगात होतं. तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस. नवा ड्रेस घाल आणि आईला दाखव, काही होत नाही.’ एवढं मलाही कळतं. ते पटवून घ्यायला मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मी एक रविवार मागितला होता.

माझी रूममेट बुद्धप्रिया लोह्याची आहे. तिच्या शाळेत तुमचा अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यक्रम झाला होता. तुमचं नाव ऐकून म्हणाली, “म्हणजे ते जिभेवर पेटता कापूर ठेवणारे सर तुझे पप्पा?” लई कौतुक तिला. तुम्ही हवेतून अंगारा काढला, मग तो कसा काढला तेही दाखवलं, आणि पोरांना म्हणालात, भीती वाटली की आधी प्रश्न विचारायचा. ती सांगत होती आणि मी ब्लँकेटात तोंड घालून हसत होते. हसत म्हणजे काय, रडू येईना म्हणून.

तिला मग सगळं सांगितलं. ती हसली नाही. फक्त विचारत गेली, आणि उत्तरं देताना मलाच कळलं किती भानगड आहे ही. चपलेला नवस लागू नाही, कारण चप्पल देवीच्या दारातच सोडतो. बुटाला लागतो, कारण बुटाला कापड असतं. माझे पांढरे बूट घालून शिल्पाताई मामाच्या अंगणात फेऱ्या मारत होती आणि मामा विचारत होता, कुठं निघालीस गं? सॉक्सवर आईचं आणि मामीचं दोन दिवस चाललं होतं. बाकी आतल्या कपड्यांचं काय करतात ते मी तुम्हाला लिहिणार नाही, पण लाजेनं मरायची पाळी आली होती.

तुम्हाला वाटत असेल कपड्यांसाठी एवढं काय. माझ्या ट्रंकेत एक बिस्किटांचा डबा आहे. त्यात लेबलं आहेत. कपड्याला लोंबकळणारी, प्लास्टिकच्या बारीक दोऱ्यात अडकवलेली. शिल्पाताई ती कापून माझ्यासाठी ठेवते, कारण नव्यातलं तेवढंच मला कोरं मिळतं. वर्गातल्या पोरी नेलपेंट जमवतात, की-चेन जमवतात, कोरियन गाणाऱ्यांचे फोटो जमवतात. मी पुठ्ठे जमवते. बुद्धप्रियानं डबा उघडून बघितला आणि परत लावून ठेवला.

माहूरचं काय ते लिहा. दुसरं काही लिहू नका.

भार्गवी

लातूर, १५ सप्टेंबर २०२४

पप्पा,

तुमचा प्रयोग करून बघितला. नवा ड्रेस घाल, काही होत नाही म्हणाला होतात ना?

गौरीच्या सुट्टीला घरी जायच्या आधी बुद्धप्रियासोबत एक पांढरा टी-शर्ट घेतला. ढगळा, खांदे खाली उतरलेला, आता सगळे घालतात तसा. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये घातला आणि तसाच एसटीत बसले. चाकूर येईपर्यंत मी खिडकीच्या काचेत स्वतःलाच बघत होते.

आईनं दारातच ओळखलं. छातीवर घडीच्या रेघा होत्या. मी इस्त्री करायला पाहिजे होती, पण मला त्या रेघाच तर पाहिजे होत्या. ओरडली असती तर मी भांडले असते, माझी तयारी होती. तिनं पाणी दिलं. मग कपाळाला हात लावून बघितला. मग थोड्या वेळानं परत. फोडणीचा ठसका लागून मी एकदा शिंकले तर तिच्या हातातली पळी खाली पडली. गौरी जेवायच्या दिवशी घरात सोळा भाज्या, आणि बाई उपाशी. विचारलं तर म्हणाली, भूक न्हाई.

पप्पा, ही बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. निवडणुकीत मतदारयादीचं, बीएलओचं काम करते, मोबाईलवर हजेरी भरते. तिला तुमचा अंगाऱ्याचा प्रयोग दाखवून काय होणार? तिचा विश्वास आहे की नाही मला माहीत नाही. ती घाबरते, एवढं मी बघितलं. माझ्याकडे ती अशी बघत होती की मला स्वतःच्याच अंगात ताप आहे असं वाटायला लागलं.

संध्याकाळी टी-शर्ट काढला आणि मामाकडे जाऊन शिल्पाताईला दिला. म्हणाले, घाल बाई, मोड घडी. तीपण वैतागली होती. म्हणाली, “मी काय तुमच्या घरची इस्त्री हाय का?” तरी घातला. मग आई जेवली. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

तुम्ही नांदेडला बसून ‘काही होत नाही’ लिहिता. तुमचं काय जातंय लिहायला? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय माझं, आणि तुम्हाला तुमच्या तत्त्वाला सुरकुती पडलेली चालत नाही.

भार्गवी

लातूर, ६ ऑक्टोबर २०२४

पप्पा,

माहूरला येणार नाही हे तुम्ही चार पानांत लिहिलं. दोन शब्दांत झालं असतं.

ठीक आहे. आता दुसरं मागते. शिल्पाताईचं लग्न ठरलं. मुलगा जळकोटचा, तलाठी आहे. तुळशीच्या लग्नानंतर बार उडणार. म्हणजे माझी घडी मोडणारी बाई सासरी चालली. आईनं लगेच पुढची तयारी केली, शेजारच्या गुंडप्पा काकांची नववीतली पोरगी हेरून ठेवली आहे, माझ्या मापाला जवळ येते म्हणून. पप्पा, मी त्या पोरीच्या तोंडाकडे कसं बघू? शिल्पाताई घरची तरी होती. आता परकी पोर माझे कपडे घालून शाळेत जाणार आणि सगळ्या आळीला सांगणार.

म्हणून ऐका. तुम्ही मला एक नवी गोष्ट पाठवा. दुकानातून आणलेली, तुमच्या हातानं पॅक केलेली, कोरी. जीन्स चालेल. मी विकत घेतली तर तो माझा हट्ट होतो, आईच्या नवसाच्या विरोधात जाते मी. बापानं पाठवली तर तो बापाचा निर्णय. सोबत आईला दोन ओळी लिहा, की हिची जबाबदारी माझी, काही झालं तर मला विचार. बास. जोडीनं बसू नका, पण एकट्यानं तरी उभे राहा माझ्या बाजूनं.

माप शिल्पाताईचंच लिहिते, तीस. माझं वेगळं कधी काढलंच नाही कोणी.

दिवाळीच्या आधी पाठवा. ताईच्या लग्नात हळदीला घालीन. आख्ख्या मांडवात एक दिवस मला माझं काहीतरी घालून फिरायचं आहे, दुसरं काही नको. मला माहीत आहे तुम्ही पाठवाल. सगळ्या घरात न भिणारे तुम्ही एकटेच आहात.

भार्गवी

लातूर, २७ ऑक्टोबर २०२४

पप्पा,

पार्सल आलं. ते कसं उघडलं, सांगते.

बुद्धप्रियाला बोलावलं, दार लावलं, पलंगावर चादर ओढून सरळ केली. कात्रीनं फोडलं नाही, टेप नखानं काढली. निळी जीन्स. जशी पाहिजे होती तशी. इतकी छान की मी तिला हातच लावेना. बुद्धप्रिया म्हणाली, घाल ना, वाट कोणाची बघतेस?

मग मी लेबल बघितलं.

पप्पा, दुसऱ्या कुठल्या मुलीला कळलं नसतं. लेबल प्लास्टिकच्या दोऱ्यात असतं. तो ओढून तुटत नाही, कापावा लागतो, आणि कापला की परत लागत नाही. तुमचं लेबल पांढऱ्या शिवायच्या दोऱ्यानं बांधलं होतं. दोन गाठी मारून. जीन्स नाकाला लावली तर निरम्याचा वास. खिशाच्या शिवणीत पावडर अडकलेली.

मी तिथूनच फोन केला. पहिल्यांदा म्हणालात, दुकानातच तशी मिळाली. मी दोऱ्याचं आणि निरम्याचं सांगितलं. ह्या वेळी तास नव्हता तुम्हाला. मग हळूच म्हणालात, “घरमालकांच्या मुलीनं एक दिवस घातली होती. उगं रिस्क कशाला घ्यायची?”

रिस्क!

गावोगाव जाऊन जिभेवर कापूर पेटवता. लोका सांगे ब्रह्मज्ञान. बारा वर्षं एक माणूस आईशी बोलत नाही, घरी येत नाही, का तर तो अंधश्रद्धेला बसत नाही, आणि तोच माणूस नांदेडला गुपचूप कोणाच्या तरी पोरीकडून माझी घडी मोडून घेतो, धुतो, वाळवतो, परत घडी घालतो आणि वर लेबल बांधतो. आईनं निदान कधी लपवलं नाही. ती सरळ म्हणते, मला भीती वाटते, तू घालू नको. तुम्ही मात्र मला नवी म्हणून जुनी पाठवली.

मला वाटलं होतं निदान एक माणूस मला कोरी वस्तू देईल. मी सगळ्यांना सांगितलं होतं, माझे पप्पा पाठवणार आहेत. बुद्धप्रिया बिचारी बाहेर जाऊन बसली.

आईला लिहायच्या त्या दोन ओळीपण पार्सलमध्ये नव्हत्या. मी सगळा कागद चाळून बघितला.

भार्गवी

अहमदपूर, १० नोव्हेंबर २०२४

पप्पा,

लिहिणार नव्हते. पण झालेलं तुम्हाला दुसरं कोण सांगणार? आई तुम्हाला लिहायची नाही.

दिवाळीभर जीन्स बॅगेतच ठेवली होती. काल मात्र राग आवरेना. आई पेपर तपासत बसली होती, तिच्या मांडीवर टाकली आणि म्हणाले, घे, तुझ्या नवसाला आणखी एक भक्त मिळाला. तिला वाटलं मी चिडवतेय. मग सगळं सांगितलं. घरमालकाची मुलगी, दोरा, निरमा, रिस्क.

आता ती म्हणणार, बघ, मी सांगत होते ना, म्हणून मी भांडायच्या तयारीत उभी. तिनं लाल पेन बाजूला ठेवला. जीन्स उलटी केली, सुलटी केली. त्या दोन गाठींवरून बोट फिरवत राहिली.

“तो भ्याला?” म्हणाली.

मी म्हणाले, हो, पप्पा भ्याले. ती उठून आत गेली, पाणी पिऊन आली आणि परत तेच. खरंच तसं म्हणाला का, कुठला शब्द वापरला, आवाज कसा होता. मी वैतागून म्हणाले, घाबरल्यासारखा होता आवाज, अजून कसा असणार?

मग ती बोलली. इतकी वर्षं मला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या दोघांतला धाकटा भाऊ गेला, त्याला नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना जंतू कुठला होता ते विचारत उभे होतात. जीपमध्ये पुढं बसलात, आईजवळ नाही. घरी आल्यावर पेपर उघडून बसलात. डोळ्यांतून एक टिपूस नाही. आईनं धरून ठेवलं, ह्या माणसाला काही वाटत नाही. माहूरला यायला नाही म्हणालात तेव्हा तिची खात्रीच झाली, पोरगी राहिली काय, गेली काय, ह्याला त्याच्या तत्त्वापुढं फरक पडत न्हाई.

मला म्हणाली, “मी एकटीच भिऊन राहिले गं. मला वाटायचं, मी सोडलं तर तुला धरायला दुसरं कुणीच न्हाई.”

मग रडली. मीपण रडले. मग आम्ही दोघी मिळून तुमच्यावर चिडलो, चांगल्या तासभर, आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. असं एका बाजूनं बसून आम्ही आजपर्यंत कधी चिडलो नव्हतो.

आज सकाळी तिनं वेणी घातली आणि म्हणाली, चल बाजारात. मी म्हणाले, नवस? म्हणाली, देवीला मी सांगते. लेकरू जगलं, मोठं झालं, माणूस येत न्हाई, किती दिवस ताटकळत ठेवू पोरीला?

पप्पा, मला वाटलं होतं मी दुकानात नाचेन. मला काही सुधरेना. दुकानातल्या पोरीनं माप विचारलं, मी तीस म्हणाले, ते कमरेवरून खाली आलं. आवडता रंग विचारला, मला सांगता येईना. शिल्पाताईला मरून आवडतो, म्हणून माझ्याकडे सगळं मरून. अर्ध्या दुकानाचा ढीग झाला आणि मी ट्रायल रूममध्ये रडकुंडीला आलेली, कारण एकही कपडा माझ्यासारखा दिसत नव्हता, आणि माझ्यासारखा म्हणजे कसा तेच मला माहीत नव्हतं. सतरा वर्षांची घोडी झाले आणि एक शर्ट निवडता येईना. एवढा राग आला तुमच्या दोघांचा. शेवटी एक हिरवा, चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा घेतला. आई म्हणाली, रंग चांगला नाही. म्हणूनच घेतला.

तिथंच घातला. कॉलर कडक आहे, मानेला टोचते. बाहेर आलो तर आईचा चेहरा पांढराफटक. वाटलं, आता म्हणेल काढ. नाही म्हणाली. फक्त माझी उजवी बाही मुठीत धरली. दुकानापासून मोंढ्यापर्यंत, मोंढ्यापासून घरापर्यंत. बाजाराचा दिवसही नव्हता, मोकळा रस्ता. ओळखीच्या बायका बघत होत्या. शिल्पाताई वाटेत भेटली, तिच्याशी बोलतानाही आईनं सोडली नाही. नवा शर्ट चुरगळून गेला. मी सोड म्हणाले नाही.

पप्पा, डावी बाही मोकळीच होती.

भार्गवी